आमचा भूमध्य समुद्र

सहलीपेक्षा सहलीचा बेत अधिक सुखाचा असतो, असं माझं जुनं मत आहे. बेतात कधी पाऊस पडत नाही, गाडी पंक्चर होत नाही, पोहे खारट होत नाहीत आणि बरोबरच्या मंडळींपैकी कुणाला ऐन जंगलात पोटात कळ येत नाही. मध्यमवर्गीय माणसाने खरं तर बेतांवरच आयुष्य काढावं. आमच्या घराण्यात तशी परंपराही आहे. आमच्या वडिलांनी काश्मीरचा बेत तीस वर्षं केला. दर उन्हाळ्यात ते रेल्वेचं टाइमटेबल घेऊन बसत, पठाणकोटपर्यंतच्या गाड्या तोंडपाठ करत आणि मग आम्हा सगळ्यांना घेऊन रामटेकला जात. गड चढून झाला की धोतराच्या सोग्याने घाम पुसत 'इथली हवाही काही कमी थंड नाही हो' असं म्हणायला मात्र विसरत नसत.

असा बेतांचा वारसा असलेल्या घरात माझा भाचा जन्माला आला, हे वाचकांनी आधी लक्षात घ्यावं. हा भाचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. तो गेली बारा वर्षं स्पेनमध्ये बार्सिलोना नावाच्या शहरी असतो. तिथे तो नेमकं काय करतो, हे त्याने मला चार वेळा समजावून सांगितलं आहे. चारही वेळा मी मान डोलावली आहे. मला समजलेला भाग एवढाच की, तो सोमवार ते शुक्रवार काम करतो आणि शनिवार उजाडला की बायकोमुलीला घेऊन समुद्रावर जातो.

त्या गावाचं नाव सिजेस. बार्सिलोनाहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत येतं म्हणे. आपल्याकडे पाऊण तासात गाडी तिरोड्याहून सुटते आणि गोंदियाच्या आउटरला जाऊन विचार करत उभी राहते. समुद्राच्या काठावर उंच चौथऱ्यावर जुनं चर्च, खाली पांढरी घरं, आणि त्या एवढ्याशा गावाला एक नाही, दोन नाही, सतरा किनारे! फोनवर त्याचे फोटो आले की आमच्या घरी दर रविवारी शोकसभा भरते. आमची ही म्हणते, "बघा, लोक कसे जगतात." मी म्हणतो, "त्यांच्याकडे समुद्र आहे, म्हणून जगतात तसे." यावर ती म्हणते, "समुद्र नसला तरी माणसाला हौस असावी लागते." आणि हा विषय समुद्रावरून सरकत सरकत १९८९ साली मी न आणलेल्या पैठणीपर्यंत येऊन थांबतो.

पण समुद्राची गोष्ट खरीच आहे. समुद्राच्या बाबतीत देवाने आमच्या गोंदिया जिल्ह्याची अगदी ठरवून जिरवली आहे. हावड्याहून मुंबईला जाणाऱ्या रेल्वेच्या नकाशात बघा. हजार किलोमीटरला अगदी थोडे कमी गेलं की मुंबईचा समुद्र, आणि उलट्या बाजूला हजारच्या आसपास गेलं की हावडा, म्हणजे बंगालचा उपसागर हाकेच्या अंतरावर. दोन्ही समुद्रांनी इतकं काटेकोरपणे सारखं अंतर आमच्यापासून राखलं आहे की, जणू दोघांनी मिळून हद्द मोजून घेतली असावी. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खा महाराष्ट्र पालथा घालून शेवटी गोंदियालाच येऊन टेकते. तिलासुद्धा पुढे कुठे जावं सुचत नाही.

तर या भाच्याचा नोव्हेंबरात निरोप आला: 'आम्ही तिघंही नाताळात येतोय. तिरोड्याला आठ दिवस. त्यातले शनिवार-रविवार आईला घेऊन कुठेतरी बाहेर जायचं. जागा आईने ठरवायची. प्लॅनिंग माझं.'

हा निरोप मी ताईला वाचून दाखवला. ताई माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. वय एकोणसत्तर. भाऊजींना जाऊन तीन वर्षं झाली. पाच खोल्यांचं घर, मागे पेरूचं झाड, गावाबाहेर दीड एकर धानाचा तुकडा आणि एक मांजर, एवढ्या संसारात ती एकटी असते. रोज दुपारी चारला मी तिच्याकडे चहाला जातो. ती साखर जास्त घालते, मी घरी सांगत नाही. असा हा जुना करार आहे.

ताईने निरोप ऐकला आणि विचार करायला एक क्षणही न घेता म्हणाली, "चोरखमारा."

मी म्हटलं, "अगं, तो पचमढी म्हणेल, ताडोबा म्हणेल, मोठमोठी रिसॉर्टं आहेत. चोरखमाऱ्याला काय आहे?"

"तलाव आहे," ताई म्हणाली.

आता हे चोरखमारा कुठे आहे, ते सांगायला हवं. तिरोडा तालुक्यातच, नागझिरा अभयारण्याच्या उंबऱ्यावर हे गाव आहे. तिरोड्याहून तिथे जायला तासही लागत नाही. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायच्या वाटांपैकी एक चोरखमाऱ्याहून आहे, आणि शेजारी डोंगरांच्या ओंजळीत धरलेला मोठा तलाव आहे. हा तलाव इंग्रजी अमदानीतला, १९२०च्या दशकात सिंचनासाठी बांधलेला. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला येऊन राहिले आणि 'नागझिरा' नावाचं पुस्तक लिहून गेले. किरण पुरंदऱ्यांनी याच जंगलात चारशे दिवस काढले आणि त्यांनीही पुस्तक लिहिलं. आम्ही तिरोड्याची माणसं उभा जन्म इथे काढतो आणि जास्तीत जास्त वीजबिलाच्या तक्रारी लिहितो.

ताईने निवडलेली जागा मी भाच्याला कळवली. त्याने तिकडे नकाशात पाहिलं असणार, कारण पाच मिनिटांत उलट विचारणा आली: 'मामा, नाव नक्की हेच ना? यात चोर आहे.' मी कळवलं, 'नाव हेच. चोर पूर्वी असतील, हल्ली हरणं आहेत.'

त्यानंतरचे चार आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. भाच्याने फोनवर 'मिशन चोरखमारा' नावाचा एक गट उघडला. त्यात तो, त्याची बायको, मी, आमची ही आणि ताई. रोज सकाळी उठून पाहावं तो गटावर एक तक्ता. रकाने किती तर अकरा! सकाळी सहाला उठणे, साडेसहाला कॉफी, सात ते नऊ पक्षिनिरीक्षण, नऊ ते साडेनऊ न्याहारी, आणि दर दोन कामांमध्ये वीस मिनिटांचा 'बफर'. बफर म्हणजे काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मामा, काही गडबड झाली तर हाताशी असावा म्हणून मोकळा ठेवलेला वेळ." मी म्हटलं, "मग आमचं उभं आयुष्यच बफर आहे." नागझिऱ्यालाही कोअर आणि बफर आहेच. नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला तो २०१३च्या डिसेंबरात. तेव्हापासून आमच्याकडल्या शेतकऱ्यालाही हे दोन इंग्रजी शब्द पाठ आहेत. आपलं शेत बफरमध्ये आणि रानडुक्कर मात्र कोअरमधून येतं, हे तो सातबाऱ्यासारखं घडाघडा सांगतो.

सूनबाई पुण्याची. पुण्याची असल्यामुळे ती प्रश्न विचारते. गरम पाणी आहे का? किती वाजता असतं? खोलीला जाळी आहे का? जाळीला भोकं आहेत का? पाणी उकळून देतात की नुसतंच कोमट करून? मुक्कामाची सोय करणाऱ्या गृहस्थाने पहिल्या सहा प्रश्नांना सविस्तर उत्तरं दिली. सातव्याला तो म्हणाला, "ताई, तुम्ही आधी या, मग सांगतो." हा मनुष्य मला एकदम आवडला.

आमच्या हिची काळजी वेगळीच होती. 'वाघ दिसला का?' या प्रश्नाचं उत्तर परत आल्यावर गल्लीत काय द्यायचं, ही. आमच्याकडे नागझिऱ्याला जाऊन आलेल्या माणसाला दुसरं काहीच विचारत नाहीत. नीलगाय, गवे, अस्वल, रानकुत्री असं सगळं काही पाहून आलात आणि वाघ दिसला नाही म्हणालात, तर लोक तुमच्याकडे दहावी नापास झालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहतात. त्यामुळे तिने आधीच ठरवून टाकलं होतं: "पुसटसा दिसला, असं सांगायचं."

माझ्याकडे गाडी ठरवण्याचं काम होतं. आमचा नेहमीचा गाडीवाला इथलाच, अस्सल झाडीपट्टीतला. त्याला म्हटलं, शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी संध्याकाळी परत.

"रविवारी सांजच्याले मी नाइ जी," तो म्हणाला. "आमच्या गावाले मंडई हाय. राती नाटक हाय."

वाचकांपैकी जे पुण्या-मुंबईचे असतील त्यांना याचं गांभीर्य कळणार नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडया भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. रात्री सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं. माणसं चादरी घेऊन येतात, पोरं मांडीवर निजतात, खलनायकाला शिव्या घालतात आणि सकाळी तशीच कामाला जातात. मुंबईत नाटकाला प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून परिसंवाद होतात. इकडे ऐन हंगामात नाटक असलं की गाडीला ड्रायव्हर मिळत नाही.

शेवटी 'सांजच्याले पाचच्या ठोक्याले तिथून हालाचं' या अटीवर तो तयार झाला. मग त्याने विचारलं, "कायले जाता जी तिकडं? वाघ पाहाले?"

"नाही रे, तलाव पाहायला."

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तलावच पाहाचा असल त घरामांगं बोडी हाय ना जी. पेट्रोल कायले जाळता?"

त्याचं काही चूक नव्हतं. भंडारा आणि गोंदिया हे तलावांचे जिल्हे. १९९९ पर्यंत दोन्ही मिळून एकच होते, तेव्हा तलावही एकत्र कुटुंबात होते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी इथे दगडमातीच्या पाळी घालून तलाव बांधले. ना इंजिनिअर, ना टेंडर. पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल, हे त्यांना जमिनीकडे बघून कळत असे. पुढे ते मालगुजारांकडे गेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि सरकारने त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' असं ठेवलं. एवढं लांब नाव कोण घेणार? कागदोपत्रीसुद्धा त्याचा 'मामा तलाव' झाला. भाच्याच्या वाचनात हा शब्द कुठूनसा आला आणि त्याने गटावर मोठ्या उत्साहाने विचारलं, 'मामा, इथे लिहिलंय की जिल्ह्यात शेकडो मामा तलाव आहेत. हे तुझे आहेत?' मी उत्तर दिलं, 'माजी आहेत.' चोरखमाऱ्याचा तलाव त्या अर्थाने मामा नव्हे, तो जन्मापासून सरकारी. पण ही बारीक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. घराण्यात एकदा तरी आपली शेकडो तलावांची इस्टेट असावी, असं कुणाला वाटत नाही?

इथवर सगळी मजा होती. पण या बेतामागे आणखी एक बेत आहे, हे मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कळलं. भाच्याने मला एकट्याला फोन केला. 'मिशन चोरखमारा'वर नव्हे, साधा फोन. म्हणाला, "मामा, तुला म्हणून सांगतो. आईला आता एकटीला ठेवायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. पावसाळ्यात ती मोरीत घसरली, ते मला तुझ्याकडून नाही, पोस्टमनकडून कळल्यासारखं तिसऱ्याकडून कळलं. घर विकू, तुकडाही विकू, आणि तिला कायमची इकडे आणू. हे दोन दिवस त्याच्यासाठीच काढलेत. बाहेर निवांत जागी बोलता येईल. तू तिला समजाव. तुझं ऐकते ती."

ताई माझं ऐकते, हा भाच्याचा गैरसमज बालपणापासूनचा आहे. पण मी 'बरं' म्हटलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. रात्री-अपरात्री काही झालं तर दोन गल्ल्यासुद्धा लांब असतात, आणि मीही काही पंचविशीतला नाही. दुसऱ्या दिवशी चारला चहाला गेलो, तेव्हा चहात साखर होती तेवढीच होती. पण मला तो गोड लागला नाही. पेरूच्या झाडाकडे बघत मी उगीच हवापाण्याचं बोलत बसलो. ताई म्हणाली, "काही बोलायचंय का तुला?" मी म्हटलं, "नाही, थंडी वाढलीये." ती म्हणाली, "हो, तशी वाढलीच आहे," आणि माझ्या बशीत आणखी एक दशमी टाकली.

मंडळी आली. पहिल्या दोन दिवसांत सुनेने सगळ्या खोल्यांची लांबी-रुंदी मनातल्या मनात घेतली असावी, असं आमच्या हिचं म्हणणं. मला तसं काही दिसलं नाही. पण हिला जे दिसतं ते मला सहसा दिसत नाही. नात सात वर्षांची. ती स्पॅनिश, कातालान, इंग्रजी आणि मराठी अशा चार भाषांत हट्ट करते. आजीशी मात्र तिची भाषा पाचवीच. त्यात शब्द कमी आणि शेंगदाण्याचे लाडू जास्त.

दुसऱ्या रात्री जेवताना भाच्याने तोंड उघडलंच. चोरखमाऱ्यापर्यंत थांबायचं तक्त्यात होतं, पण माणूस आहे, धीर सुटतो. सुरुवात मात्र त्याने हुशारीने वाघापासून केली. नागझिऱ्यातला 'जय' नावाचा वाघ सगळ्या देशाला माहीत होता. इथे जन्मला, इथे वाढला, आणि २०१३ साली एक दिवस उठून नद्या, रस्ते, शेतं ओलांडत थेट उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात जाऊन राहिला. अंगापिंडाने असा अवाढव्य की त्याला पाहायला रांगा लागत. भाचा म्हणाला, "बघ आई, वाघसुद्धा जन्मभर एका जंगलात राहत नाही. जिथे चांगलं आहे तिथे जातो. जग असंच चालतं."

ताईने त्याच्या पानात वडाभातावर गरम फोडणीचं तेल घातलं आणि शांतपणे विचारलं, "मग? सापडला का तो?"

जेवण तिथेच थांबलं. कारण उभ्या विदर्भाला ठाऊक आहे की, २०१६च्या एप्रिलनंतर जय कुणाला दिसला नाही. माणसं शोधून थकली, बक्षिसं लावली. पण वाघ गेला तो गेला. भाचा फक्त "तेल पुरे" एवढंच म्हणाला.

मीच मग विषय बदलावा म्हणून सांगितलं की, मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी आणून इथे सोडल्या, नागझिऱ्यात वाघ वाढावेत म्हणून. ताई म्हणाली, "बिचाऱ्या! त्यांना विचारलं होतं का कुणी?" मी पुढे काही बोललो नाही. ताईला समजावण्याचं माझं काम एवढ्यावरच संपलं.

शनिवारी सकाळी सहाच्या जागी पावणेनऊला निघालो. तक्त्यातले सगळे बफर पहिल्या तासातच खर्ची पडले. गोंदियाची थंडी साऱ्या विदर्भात नाव राखून आहे, आणि स्पेनहून आलेली मंडळी आमच्या मफलरी मागत होती. मागे वळून पाहिलं की तिरोड्याच्या वीजप्रकल्पाच्या धुराड्या बराच वेळ पाठलाग करतात, मग साग आणि ऐन सुरू होतात, आणि फोनची रेंज जाते. रेंज गेली तसा भाचा जरा अस्वस्थ झाला. तक्ता फोनमध्ये होता. मी मात्र मनातल्या मनात त्या जंगलाला नमस्कार केला.

तलावावर मी कितीदा तरी आलो असेन. पण ताईबरोबर कधी आलो नव्हतो, हे मला तिथे पाळीवर चढताना ध्यानात आलं. ती पुढे आणि आम्ही सगळे मागे. पाऊलवाट कुठे वळते हे तिला पायांनी माहीत होतं. भाऊजी पाटबंधारे खात्यात होते. १९७६ साली लग्न झालं आणि त्यांची पहिली नेमणूक याच तलावावर. नागपूरच्या महालात, वाड्यात, विहिरीपेक्षा मोठं पाणी न पाहिलेली वीस वर्षांची मुलगी बैलबंडीतून इथे उतरली. तिच्या मैत्रिणी लग्नानंतर खंडाळ्याला गेल्या, एक तर माथेरानला. हिला नवऱ्याने पहिल्या संध्याकाळी याच पाळीवर आणून उभं केलं, हात लांब केला आणि सांगितलं, "हा आपला समुद्र."

"आणि मी मानलं रे!" ताई सांगत होती. "सहा महिने मी माहेरी पत्रात 'इथे समुद्र आहे' असं लिहीत होते. बाबांनी नकाशा काढून पाठवला उलट टपाली."

त्या नकाशाची गोष्ट मला आठवत होती. तिच्यामागचं कारण मला आत्ता कळलं.

आठ वर्षं ती इथे होती. ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी लागतं तेव्हा काय गोंधळ उडे, कुणाच्या बांधीला पाणी आधी यावर मध्यरात्री कशा काठ्या निघत, आणि भाऊजी कंदील घेऊन कालव्यावर गेले की ही दाराची कडी लावून कशी रामरक्षा म्हणत बसे. एकदा कंदील परत येताना दिसला, पण त्याच्या आणि दाराच्या मधोमध अस्वल. ही खिडकीतून ओरडली. भाऊजींना वाटलं, जेवायला बोलावते आहे, ते म्हणाले, "आलोच!" भाचा हे सगळं पहिल्यांदा ऐकत होता. त्याच्या जन्माच्या वर्षी बदली झाली, तेव्हा त्याला या तलावाची आठवण असण्याचं काही कारण नव्हतं. तो गप्प होता आणि फोटो काढायचं विसरला होता.

समोर पाण्यावर बदकांचे थवेच्या थवे पसरले होते. दर हिवाळ्यात उत्तरेकडून येतात, काही तर हिमालय ओलांडून. दूर एक ढिवर डोंग्यातून जाळं सोडत होता. काठावर एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत होती. सूनबाईने ते उकळलेल्या पाण्यात उकडले आहेत का, असं विचारलं नाही. सरळ सोलून खाल्ले आणि आणखी घेतले. माणूस पाण्याकाठी बदलतो तो असा.

नातीने मात्र चपला काढून पाण्यात पाय बुडवले, बोट चाटून पाहिलं आणि जाहीर केलं, "आजी, ह्या समुद्रात मीठ घालायचं विसरलेत!"

आता मी थोडा भूगोल सांगतो. मास्तर होतो, सवय जात नाही. स्पेनच्या त्या समुद्राला आपण भूमध्य समुद्र म्हणतो. लॅटिनमध्येही नावाचा अर्थ तोच, भूमीच्या मधला. दोन्ही-तिन्ही बाजूंनी जमीन, मध्ये पाणी, म्हणून. इथे नागपूरला झिरो माइलचा दगड आहे, देशाचं मोजमाप तिथून करत. त्याच्यापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर तिरोडा, पलीकडे चोरखमारा, चहूबाजूंनी डोंगर आणि जंगल, आणि मध्ये पाणी. भूमीच्या मधला समुद्र याला नाही म्हणायचं तर कशाला? भाऊजी खात्यात कारकुनी इंग्रजीचे पक्के होते, पण भूगोल त्यांचा माझ्यापेक्षा चांगला होता.

रविवारी दुपारी जेवणं झाली. पाळीवर सतरंजी पसरली होती. पाचला हलायचं होतं, तीन वाजले होते, आणि तक्त्यात शेवटचा रकाना उरला होता: 'आईशी बोलणे.' भाच्याने घसा साफ केला. मी दूर कुठेतरी बदकं मोजू लागलो. पण ताईनेच पिशवी उघडली. आत दशम्यांचा डबा, त्याखाली लोणच्याची बरणी, आणि त्याखाली एक फायलीसारखं पाकीट. त्यातून तिने सातबारा काढला, घराच्या कराची पावती काढली, पासबुक काढलं, आणि चष्मा पुसत म्हणाली,

"मी चौकशी केलीय. आपल्या गल्लीतल्या बँकवाल्या काकांचा जावई जर्मनीला असतो, ते जाऊन आलेत. पर्यटकाचा व्हिसा मिळतो. एकशेऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येतं. एप्रिलमध्ये निघायचं. इथे तेव्हा ऊन पंचेचाळिसाच्या वर जातं, तेवढं चुकेल. जूनअखेरीला परत. पाऊस पडला की रोवणीला बाया सांगाव्या लागतात. उशीर केला तर मिळत नाहीत."

"आई, नव्वद दिवसांचा प्रश्नच नाही," भाचा म्हणाला. "मी कायमचं म्हणतोय. घर विकून..."

"घर विकलं तर व्हिसा कोण देणार?" ताईने विचारलं. "परत येणार याचा पुरावा मागतात ते. नोकरी मला नाही, नवरा राहिला नाही. हे घर आणि हा तुकडा, एवढाच पुरावा आहे माझ्याकडे. तेवढा विकायला निघालास तू!"

भाच्याने बायकोकडे पाहिलं. सूनबाई पुण्याची असल्यामुळे नियम वाचलेले होते. ती हळूच म्हणाली, "बरोबर आहे रे. स्थावर मालमत्तेचे कागद लावतात. आणि तीस हजार युरोंचा विमा काढावा लागतो."

"तो हा काढेल," ताई म्हणाली. "आणि मोरीत बसवायला ते धरायचं कडं आणलंय, रबरी चटई आणलीय. शिवाय हा माझा भाऊ आहे. रोज चारला येतो. साडेचारपर्यंत आला नाही, तर मी बघायला जाते त्याला काय झालं ते."

म्हणजे इतकी वर्षं मी तिच्याकडे लक्ष ठेवत होतो, असं मला वाटत होतं. तिच्याकडे हिशेब उलटा होता.

भाचा बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग त्याने सातबारा हातात घेतला, उलटसुलट केला, कारण तो कुठून वाचायचा हे त्याला समजेना, आणि म्हणाला, "नव्वदमधले पंधरा दिवस सिजेसला राहू. तिथे घर भाड्याने मिळतं. तुला चालेल ना?"

"सतरा किनारे आहेत ना तिथे?" ताई म्हणाली. "रोज एक पाहिला तर पंधरा दिवसांत दोन उरतील. सतरा दिवस धर."

भाच्याने फोन काढला. रेंज नव्हती, पण तक्ता उघडला. त्याने नवा रकाना आखला आणि ताई त्याला एकेक सांगू लागली: चिन्नोर तांदूळ किती किलो न्यायचा, लोणचं विमानात चालतं का, मांजर कुणाकडे ठेवायची. मांजरीपाशी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि आमच्या हिने तोंड उघडायच्या आत खालून गाडीचा हॉर्न वाजला. पाच व्हायला दहा मिनिटं कमी होती, आणि आमचा गाडीवाला पाळीखालून हात हलवत ओरडत होता, "चला जी लवकर! समुद्र काही पळून नाइ जात, पन आमचं नाटक सुरू होते!"